मालक सरपंचाला उभे राहतायत, बागेचं काय?

मावशी, नमस्कार.

आम्ही सांगोला तालुक्यातले. पाच एकर रान, त्यात तीन एकर डाळिंब. मालक त्रेचाळीस वर्षांचे, बागेत रमणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी वस्तीवरचा विजेचा डीपी जळाला तेव्हा वीसेक शेतकरी बरोबर घेऊन कचेरीच्या पायरीवर बसले आणि डीपी घेऊनच परत आले. तेव्हापासून घरी माणसांचा राबता सुरू झाला. आता पॅनेलवाले म्हणतात, थेट सरपंचाला तुम्हीच उभं राहा, जागा या वेळी खुली आहे. यांनी मनात घेतलंय. या बहाराचे पैसे लावू, कमी पडले तर माझ्या नावावरची एफडी मोडू म्हणतात. सासूबाई खूश आहेत. मागच्या आठवड्यात बैठकीच्या नादात डाळिंबावरच्या तेल्या रोगाची फवारणी चुकली, यांना आठवणसुद्धा झाली नाही. मी बोलले तर म्हणाले, तुला माझं मोठं होणं बघवत नाही. त्यांना अडवू की पाठीशी उभी राहू? माणूस वाईट नाही.

एक वाचक, सांगोला तालुका

*

बाई गं,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "माणूस वाईट नाही." माझी आई हेच म्हणायची. शेजारणीला, माहेरच्यांना, कधी कधी चुलीपुढे एकटीच.

ऐंशीच्या दशकात माझे वडील एकदा सरपंच होते. आमचं जिरायत रान आणि एक विहीर. निवडून आले त्या महिन्यात फारसं काही बदललं नाही, फक्त अंगणातल्या चपला वाढल्या. मग तालुक्याच्या खेपा सुरू झाल्या. म्हशीचं दूध डेअरीला जायचं ते चहाला पुरेना. विहिरीवर लाईट रात्रीची यायची, दारं धरायला वडील असायचे. ते मीटिंगहून उशिरा यायला लागले तशी आई जायला लागली, आणि कंदील धरून मी. गव्हाचं एक पाणी चुकलं तर काय होतं ते मला शाळेतल्या गणितापेक्षा आधी कळलं. वडिलांनी एक पैसा खाल्ला नाही, हे मी त्यांची मुलगी म्हणून नाही, त्यांच्या विरोधकांच्या तोंडून ऐकलेलं सांगते. गावाला शाळेच्या दोन खोल्या आणल्या, त्या अजून उभ्या आहेत. दरम्यान आमच्या बैलजोडीतला एक बैल विकला गेला आणि विहिरीखालचं रान दोन वर्षं पडीक राहिलं. पुढच्या निवडणुकीत ते हरले. हरल्याचं त्यांना फार वाटलं नाही. सकाळी उठून रानात गेले आणि बांधावर नुसते उभे राहिले, तो दिवस मात्र मला आठवतो. कुठून सुरू करावं तेच कळेना.

म्हणून तुला सांगते, अडवू नकोस. अडवलंस तर डाळिंबाचा भाव पडेल त्या प्रत्येक वर्षी तुला ऐकावं लागेल की मला उभं राहू दिलं असतं तर. पण नुसती पाठीशी उभी राहशील तर उद्या फवारणीचा पंप तुझ्याच पाठीवर येणार आहे, आणि तो आला हे कुणाला कळणारही नाही. फॉर्म भरायच्या आधी रानाचा बंदोबस्त कागदावर कर. बाकी सगळं त्यानंतर.

आपल्याकडे शेतकरी म्हणून राजकारणात शिरलेल्यांत शरद जोशींचं उदाहरण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. टपाल खात्यातली मोठी नोकरी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत. ते सगळं सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः कसायला लागले. स्वतःच्या रानाचा हिशेब मांडला तेव्हा खर्चही निघत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या हिशेबातून शेतकरी संघटना उभी राहिली. १९८० साली चाकणला आणि नाशकात कांद्यासाठी रस्ते अडले, रेल्वे अडली. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा तुझ्या सासऱ्यांनीही दिली असेल. लाखांच्या सभा व्हायच्या. मत मागायला आलो तर जोड्यानं मारा, असं सुरुवातीला हेच जोशी सांगायचे. पुढे १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, १९९५ च्या विधानसभेला स्वतः उभे राहिले आणि पडले. ज्या माणसाच्या शब्दावर बायाबापड्या तुरुंगात गेल्या, त्याला त्याच लोकांनी आमदार केलं नाही. नंतर २००४ ते २०१० ते राज्यसभेत होते, पण तिथे गावातल्या मतपेटीतून जात नाहीत.

तुझ्या मालकांना हे ऐकव. डीपीसाठी वीस माणसं पायरीवर बसली ती डीपीसाठी. मतदानाच्या दिवशी त्यांतला एक भावकीकडे बघेल, एकाला चुलत्याचा शब्द मोडता येणार नाही, एकाच्या मेव्हण्याचं नाव समोरच्या पॅनेलमध्ये असेल. यात बेइमानी नाही, गाव असंच चालतं. हे धरून जो उभा राहतो तो पडला तरी माणसांवर राग धरत नाही.

जोशींची दुसरी गोष्ट तुझ्या कामाची आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती' नावाचा कार्यक्रम निघाला. म्हणणं सरळ होतं: शेतमालाला भाव मागणाऱ्यानं आधी घरात राबणाऱ्या बाईचं देणं फेडावं, तिच्या नावावर जमीन करावी. हजारो शेतकऱ्यांनी तशी करून दिली. १९९२ मध्ये सरकारनंही आदेश काढला, त्यानुसार नवऱ्यानं हयातीत अर्ज दिला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तुमच्या रानात वडिलोपार्जित किती, यांनी घेतलेलं किती, याप्रमाणे कागद बदलतील, म्हणून तलाठ्याला विचार. (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पाटी बदलली, खुर्ची तीच.)

गावात निवडणुकीच्या आदल्या रात्री जे वाटतात त्याला लक्ष्मीदर्शन म्हणतात, तुला माहीतच आहे. तुझ्या घरात लक्ष्मीदर्शनाच्या आधी लक्ष्मीमुक्ती होऊ दे. त्यांना स्पष्ट सांग: बागेच्या तीन एकरांवर माझं नाव लागू दे, मग खुशाल फॉर्म भरा. चिडतील. चिडू देत. ज्या माणसाला गावाच्या सह्यांचा अधिकार हवाय, त्याला घरातली एक सही जड जात असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

आता पैशाचं. एफडी मोडायची नाही. इथे मी मधला मार्ग काढणार नाही. एफडी तुझ्या नावावर आहे, सही तुझी लागते, ती द्यायची नाही. बहाराच्या पैशातून आधी पुढच्या बहाराचा खर्च बाजूला काढायचा: छाटणी, शेणखत, औषधं, मजुरी, सोसायटीचा हप्ता. त्यातून काय उरतं ते बघू.

आणि उरलेलंही सगळं लावायचं कारण नाही. २००९ च्या लोकसभेला राजू शेट्टी हातकणंगल्यातून उभे राहिले तेव्हा "एक व्होट, एक नोट" म्हणून लोकांनीच पैसे गोळा केले. शिरोळ तालुक्यातला हा ऊसवाला शेतकरी २००२ ला जिल्हा परिषदेत, २००४ ला विधानसभेत आणि २००९ ला लोकसभेत गेला, तो उसाच्या दराच्या आंदोलनातून आणि लोकांच्या नोटांवर. तुझ्या मालकांना उभं राहा म्हणणारे जे पॅनेलवाले तुझ्या हातचा चहा पितात, त्यांना एका संध्याकाळी बसव आणि विचार, प्रत्येकी किती घालणार? वही पुढे ठेव. ज्यांच्या आग्रहाखातर आपण उभे राहतो त्यांनी पाचशे रुपये तरी काढावेत. वहीचं पान कोरं राहिलं तर तुझ्या मालकांना जे समजायचं ते समजेल, तुला एक शब्द बोलावा लागणार नाही.

शेट्टींची पुढची गोष्टही लपवत नाही. २०१४ ला पुन्हा खासदार झाले, २०१९ ला आणि २०२४ ला हरले. मधल्या काळात जुने सोबती सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाले आणि वर्षभरात, २०१७ मध्ये, शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं त्यांना काढून टाकलं. एका ताटात जेवलेली माणसं. गावाच्या पॅनेलमध्ये हेच छोट्या मापात होतं, फक्त तिथे समोरचा माणूस रोज पाणवठ्यावर भेटतो.

खर्च जेवढा होईल तेवढा लिहून ठेवायला सांग. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब सादर करावा लागतो, नाही केला तर अपात्रता येते. जिंकलेली माणसं गुलालाच्या धुंदीत हे विसरतात. पडलेली तर विसरतातच, आणि पुढच्या वेळी फॉर्म उडाला की चकित होतात.

फॉर्मवरून आठवलं. तुमचा गोठा कुठे आहे? गायरानात किंवा गावठाणाच्या सरकारी जागेत दोन पत्रे जरी पुढे आले असतील तरी अतिक्रमण म्हणून पद जाऊ शकतं. ते यांच्याच नावावर असायला हवं असंही नाही. घरच्या माणसाचं अतिक्रमण असलं तरी सदस्य अपात्र ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका ग्रामपंचायतीच्या प्रकरणात सांगितलंय. सासऱ्यांनी कधी काळी घातलेलं कुंपण बघून घे. घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नको. शौचालय हवं आणि त्याचा वापर हवा. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेलं तिसरं अपत्य असेल तर उभंच राहता येत नाही. या गोष्टी विरोधक आधीच शोधून ठेवतात. गावात कुणाचा पत्रा किती फूट पुढे आहे हे मोजणीदारापेक्षा भावकीला जास्त ठाऊक असतं.

समजा निवडून आले. मग काय? 'मोठं होणं' म्हणतात तुझे मालक. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात सरपंचाला महिना ६,००० रुपये मानधन आहे, २०२४ मध्ये दुप्पट होऊन एवढं झालं, त्याआधी ३,००० होतं. बागेत हंगामाला दोन गडी लावलेस तर हा आकडा कितीसा पुरतो, ते तू मला सांग. आणि तो दिवस कसा असतो? सकाळी सहाला फोन, नळाला पाणी नाही. आठला कुणाला दाखला हवाय. दहाला तालुक्याला. दुपारी मयत, तिथे नाही गेलं तर पाच वर्षं ऐकावं लागतं. संध्याकाळी एखाद्याच्या बांधाचं भांडण. रात्री लग्नाची पंगत. यात डाळिंबाला ताण द्यायचा, पानगळ करायची, पाणी सोडायचं, हे नेमक्या दिवशी करायचं असतं. बहार माणसाच्या सोयीनं थांबत नाही. मृग बहारात तर पाऊस उघडला की त्याच संध्याकाळी फवारा घ्यावा लागतो, दोन दिवसांनी घेतलेला फवारा तेल्यासाठी नसतोच, मनाच्या समाधानासाठी असतो. हे मी तुला काय सांगायचं.

म्हणून बागेचं कॅलेंडर करा. फवारणीची तारीख, खताची तारीख, पाण्याची पाळी, आणि प्रत्येकापुढे नाव. तुझं नाव जिथे असेल तिथे गड्याची मजुरी धरून तुझाही रोज लिही. पुढे भांडायला म्हणून नव्हे, त्या कागदावर तुमच्या सरपंचकीचा खरा खर्च दिसावा म्हणून. एक फवारणी त्यांच्याकडे ठेवच. आठवड्यातली एक सकाळ फोन बंद आणि माणूस बागेत. बागेतून निघालेला माणूस ग्रामपंचायतीत वेगळं बोलतो, हे मी वडिलांच्या बाबतीत पाहिलंय. पहिल्या वर्षी ते पाण्याबद्दल बोलायचे, तिसऱ्या वर्षी फक्त पाण्याच्या योजनेबद्दल.

एक सक्त सूचना. ग्रामपंचायतीचा पैसा आता डिजिटल सहीनं निघतो, एक सही सरपंचाची, एक ग्रामसेवकाची. ते सहीचं डोंगल ऑपरेटरच्या खणात ठेवून यायची पद्धत बऱ्याच गावांत आहे, 'कशाला रोज यायचं' म्हणून. तुमच्या घरात ते डोंगल तुझ्या डब्यात राहील. काम चुकीचं निघालं आणि वसुली लागली तर ती सही करणाऱ्यावर लागते, आणि त्या वेळी पॅनेलवाल्यांतलं कुणी चहाला येत नाही. निधी कशावर खर्च होतो तेही समजून घ्या. पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, मन मानेल तिथे लावता येत नव्हता. "सरपंच झालो की वस्तीचा रस्ता करतो" असा शब्द देण्याआधी कुठल्या खात्यातून करणार हे ज्याला सांगता येतं, त्याला मी तरी मत दिलं असतं.

तुमच्या तालुक्यात कुणी राजकारणात उतरलं की त्याला गणपतराव देशमुखांच्या मापानं मोजतात. तुझ्या मालकांच्या मनातही तेच असणार, नाकारू नकोस. १९६२ पासून एकाच मतदारसंघातून, शेतकरी कामगार पक्षाच्या एकाच लाल बावट्याखाली अकरा वेळा आमदार, आणि एसटीनं फिरणारा माणूस. पण दोन गोष्टी त्यांना आठवण करून दे. गणपतराव आबा शिकलेले वकील होते आणि राजकारण हेच त्यांचं पूर्णवेळ काम होतं. तीन एकर डाळिंब सांभाळत त्यांचा कित्ता गिरवता येत नाही. आणि ते हरलेही. १९७२ ला हरले. १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी हरले, १९९९ ला परत आले. सांगोल्यात असं होऊ शकतं तर तुमच्या गावात दहा-बारा मतांनी काहीही होऊ शकतं. मतमोजणीच्या रात्री काय करायचं ते आधी ठरवा. पडलो तर उसनं कुणाचं नको, आणि दुसऱ्या दिवशी बागेत कुठलं काम आहे ते कॅलेंडरवर लिहिलेलं असू दे.

राहिली तुझी गोष्ट. तू लिहिलंस की जागा या वेळी खुली आहे. या वेळी. २०११ पासून आपल्याकडे गावगाड्यात निम्म्या जागा बायकांना आहेत, सोडतीत चिठ्ठी फिरली की पुढच्या खेपेला तुमच्या गावाची जागा महिलेची होऊ शकते. तेव्हा हेच पॅनेलवाले येतील आणि म्हणतील, "वहिनी, फक्त सही करायची, बाकी दादा बघतील." तशा कितीतरी सरपंच बायका मी पाहिल्यात, ज्यांच्या नावाच्या पाटीखालच्या खुर्चीवर नवरा बसतो. तू तशी होऊ नयेस असं मला वाटतं, म्हणून हे पत्र एवढं लांबलं. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. तुमच्याकडे ती होते का? की रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे घेतात? पुढच्या खेपेला जाऊन बस. बोलू नकोस हवं तर, नुसतं काय वाचून दाखवतात ते ऐक. निधीचा आकडा विचारायला जीभ उचलली तर फारच छान.

"तुला माझं मोठं होणं बघवत नाही" असं ते म्हणाले, याचा फार राग धरू नकोस. घाबरलेला माणूस असं बोलतो. उभं राहा म्हणणारे दहा आहेत, पडशील तर काय हे विचारणारी तू एकटी. त्यांनाही ते ठाऊक आहे. रात्री जेवणं झाली की सासूबाईंना बाजूला बसवून तिघांत बोला, त्यांनीही सासऱ्यांच्या काळात काहीतरी पाहिलं असेलच. त्या खूश का आहेत ते मला तुझ्या पत्रावरून कळलं नाही. त्यांना विचार. उत्तर आश्चर्याचं निघेल.

फॉर्म भरायच्या आधी सातबाऱ्याची नवी प्रत हातात पडली की मला कळव. आणि ती चुकलेली फवारणी शेवटी कुणी घेतली, तेही लिही.

तुझी,
मावशी